प्रेझेंटेशन शिकायला कोणती पॉप मैफल बघावी? काही चित्रीकरणांचं परीक्षण

वर्गापुढे दहा मिनिटं बोलायचं म्हटलं की विद्यार्थी आधी स्लाइड करायला बसतात. त्यात रात्र जाते. उभं कुठे राहायचं, पहिलं वाक्य कोणतं, वेळ संपत आली तर काय गाळायचं, हे सगळं ऐनवेळेवर सोडलेलं असतं. पॉप गायकांचं काम याच्या अगदी उलट चालतं. गाणं त्यांना येतच असतं, तालीम होते ती मधल्या जागांची. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत कोण कुठे सरकणार, दिवा कधी बदलणार, माइक कुठे ठेवायचा, घोटभर पाणी कधी प्यायचं, हे सगळं आधी ठरतं. म्हणून वक्तृत्वाच्या तयार धड्यांपेक्षा एखाद्या नेटक्या मैफलीचं चित्रीकरण विद्यार्थ्याला जास्त देऊन जातं. फक्त ते बघायची रीत वेगळी हवी.

पहिली दहा मिनिटं तीनदा बघा. पहिल्या फेरीत आवाज पूर्ण बंद ठेवा आणि पाय व नजर यांवर लक्ष ठेवा. दुसऱ्या फेरीत पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो, ते तेव्हा कळतं. तिसऱ्या फेरीत घड्याळ आणि कागद घ्या आणि मंचावर काही बदललं की मिनिट-सेकंद टिपून ठेवा. या तिसऱ्या कागदाची किंमत सगळ्यात जास्त. कार्यक्रमाचा सांगाडा त्यावर उतरलेला असतो, आणि आपल्या प्रेझेंटेशनचा कागद त्याच्याशेजारी ठेवला की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

क्वीन, लाइव्ह एड, १९८५

एकच चित्रीकरण बघायला वेळ असेल तर हे बघा. लाइव्ह एड ही अनेक कलाकारांची मदतनिधीसाठीची मैफल. तिथे १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडला साधारण वीस मिनिटं मिळाली होती. वेळ संध्याकाळची, पण उन्हाळ्यातली, म्हणजे लख्ख उजेड. प्रकाशयोजना हे या बँडचं एरवीचं मोठं बळ, आणि त्या दिवशी त्याचा काहीच उपयोग नव्हता. समोरचा सगळा जमाव केवळ त्यांच्यासाठी आलेला नव्हता. प्रोजेक्टर बंद पडलेला आणि श्रोते दिवसातलं नववं प्रेझेंटेशन ऐकणारे, अशी विद्यार्थ्याची जी गत होते तिच्या जवळ जाणारी परिस्थिती.

आता त्यांनी काय केलं ते मोजून बघा. सुरुवातीला त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं आहे. मूळ ध्वनिमुद्रण सुमारे सहा मिनिटांचं, पण इथे पियानोवरचा सुरुवातीचा भाग होतो आणि गाणं तोडून थेट पुढच्या गाण्यात शिरतात. स्वतःच्या सगळ्यात लाडक्या गोष्टीला कात्री लावणं अवघड असतं. विद्यार्थी इथेच अडकतात. मेहनतीने काढलेला आलेख आहे म्हणून तो दाखवायचाच, आणि मग निष्कर्षाला दीड मिनिट उरतं. क्वीनने वीस मिनिटांत सहा गाणी बसवली ती एकेकाला छाटून, आणि त्यासाठी आधी लंडनमध्येच एक थिएटर घेऊन घड्याळ लावून तालीम केली होती.

यातून घेण्यासारखी पद्धत अशी: दहा मिनिटं मिळणार असतील तर साडेआठ मिनिटांचा मजकूर तयार करा. उरलेलं दीड मिनिट उशिरा सुरू होण्यात, दार उघडण्यात, न उघडणाऱ्या फाइलीत जातंच. मजकुराचे तुकडे पाडा आणि त्यांतला कोणता तुकडा अख्खा उचलून फेकता येईल ते आधीच ठरवून कागदावर त्याच्याभोवती चौकट काढा. पाचव्या मिनिटाला आपण कुठे असायला हवं, हे एका वाक्यात समासात लिहा. तिथे पोहोचायला सहा मिनिटं लागली, तर चौकटीतला तुकडा गाळायचा. त्या वेळी विचार करत बसायचं नाही, निर्णय आदल्या रात्रीच झालेला असतो. बहुतेक जण याऐवजी बोलण्याचा वेग वाढवतात. त्याने ऐकणाऱ्यांना काहीच मिळत नाही, आणि धाप लागते ती वेगळीच.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी जमावाकडून स्वर म्हणवून घेतो तो भाग अर्ध्या-पाऊण मिनिटाचा आहे, पण सगळ्यात जास्त वेळा रिवाइंड करण्यासारखा. पहिली तान इतकी सोपी की कुणालाही जमेल. उत्तर आल्यावर पुढची थोडी लांब, मग वळणाची, आणि शेवटची चांगलीच अवघड. चढण हळूहळू आहे म्हणून लोक सोबत राहतात. वर्गात मात्र उलटं घडतं. बोलणारा पहिल्याच मिनिटाला “याचं कारण कोणी सांगेल का?” असा सगळ्यात अवघड प्रश्न टाकतो, शांतता पसरते आणि ती मोडायला स्वतःच घाईघाईने उत्तर देतो. पहिला प्रश्न असा हवा की उत्तर निव्वळ हात वर करून देता येईल, आणि तो विचारताना आपला हात आधी वर गेला पाहिजे. दुसरा प्रश्न दोन पर्यायांतला एक निवडायचा. कारण विचारायचं ते तिसऱ्या वेळी. आणि प्रश्न विचारल्यावर मनात चार आकडे मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

मर्क्युरीच्या हातातला माइकचा तो अर्धा स्टँड अनेकांना नुसती अदा वाटते. पण त्याच्यामुळे हाताला काम मिळतं. विद्यार्थ्याच्या हातात क्लिकर किंवा तळहाताएवढं एक पुठ्ठ्याचं कार्ड असलं तरी तेवढंच काम होतं. घडी घातलेला मोठा कागद मात्र नको. हाताची थरथर कागदाच्या टोकाला दुप्पट दिसते.

दोष एकच. यातले हातवारे स्टेडियमच्या शेवटच्या रांगेसाठी आहेत. खोलीत हात कंबर आणि खांदा यांच्या मध्येच फिरू द्या.

टॉकिंग हेड्स, ‘स्टॉप मेकिंग सेन्स’

टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडचा, जोनाथन डेमीने दिग्दर्शित केलेला १९८४ चा हा मैफलपट. चित्रीकरण डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात झालं आणि २०२३ मध्ये त्याची नव्याने साफ केलेली प्रत आली, तीच मिळवा. जिला स्लाइड करायच्या आहेत त्या प्रत्येक विद्यार्थिनीने आणि विद्यार्थ्याने पहिली पंधरा मिनिटं बघावीत, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवातीला मंच जवळजवळ उघडा. बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा येतो, टेप रेकॉर्डर खाली ठेवतो, एक टेप वाजवायची आहे एवढंच सांगतो आणि गिटार घेऊन गातो. दुसऱ्या गाण्याला बास वाजवणारी टीना वेमथ येते. तिसऱ्याला ड्रम ढकलत आणले जातात, चौथ्याला आणखी एक वादक. असं करत मंच भरत जातो. नंतर नऊ जण एकदम वाजवत असतात तेव्हाही कोणाचा आवाज कुठला हे ऐकू येतं, कारण प्रत्येकाची ओळख आपल्याला एकेकट्याने झालेली असते.

स्लाइडवर हेच हवं. सात भागांची आकृती एकदम पडद्यावर टाकली की डोळे सातही भागांवर भिरभिरतात आणि कान बंद होतात. आकृतीचा पहिला भाग एकटा दाखवा, त्याचं नाव घ्या, त्याचं काम एका वाक्यात सांगा. पुढच्या क्लिकला दुसरा भाग जोडा, पहिला जागचा हलवू नका. उडत किंवा गरगरत येणारे परिणाम टाळा, भाग नुसता प्रकट व्हावा. सातव्या क्लिकनंतर पूर्ण आकृती दिसेल तेव्हा ती समजलेली असेल. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बोलण्याआधीच क्लिक करणं. बर्नच्या गाण्यात नवा वादक दिसतो आणि लगेच ऐकूही येतो. तुमचं वाक्य आणि क्लिकसुद्धा तसेच एकत्र पडले पाहिजेत.

पडद्याशिवाय सुरुवात करण्याचं धाडसही इथून घ्या. स्लाइड शो चालू असताना बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबलं की परत येतो. पहिलं अर्धं मिनिट पडदा काळा ठेवा आणि हातात विषयाची एक वस्तू घ्या: गंजलेला खिळा, झाडाची साल, जुनं बिल, जे असेल ते. लोक तुमच्याकडे बघतील, कारण बघायला दुसरं काही नसेल.

पुढे एका गाण्यात मागच्या पडद्यांवर शब्द येतात. मोजके, ठळक, एका नजरेत वाचून होणारे. गायक ते शब्द वाचून दाखवत नाही. स्लाइडवरचा परिच्छेद पाठमोरा होऊन वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढा तुकडा दहादा बघावा.

गटाने प्रेझेंटेशन करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इथे काळ्या कपड्यांतले मदतनीस सगळ्यांसमोर वाद्यं सरकवतात. लपवाछपवी नाही, पण गाणं थांबत नाही. गटात मात्र एक जण “आता पुढचा भाग माझी मैत्रीण सांगेल” म्हणून गप्प होतो, मैत्रीण खुर्ची सरकवत उठते, क्लिकर शोधते आणि पंधरा सेकंद वाया जातात. चार जण असतील तर तीन वेळा. पुढच्या वक्त्याने आधीच्याच्या शेवटच्या दोन वाक्यांआधी उठून बाजूला येऊन उभं राहावं, क्लिकर हातातून हातात जावा आणि आधीच्याचं शेवटचं वाक्य हेच पुढच्याचं पहिलं प्रश्नवाक्य असावं. हा सांधा किमान पाच वेळा वेगळा गिरवा, बाकी काही न म्हणता.

चित्रपटात कॅमेरा बराच काळ प्रेक्षकांकडे वळतच नाही. शिकणाऱ्याला याचा मोठा फायदा, कारण कलाकाराचं पूर्ण शरीर दिसत राहतं.

मायकल जॅक्सन, सुपर बोल, १९९३

इथे बघायचा तो फक्त पहिला दीड मिनिट. सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, आणि हा त्याच्या मध्यंतरातला कार्यक्रम. ३१ जानेवारी १९९३, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाचं रोझ बोल स्टेडियम. तो मंचाखालून उसळून वर येतो आणि मग काहीच करत नाही. सुमारे दीड मिनिट पुतळ्यासारखा उभा. मग मान वळते, मग गॉगल निघतो, आणि त्यानंतर संगीत.

दीड मिनिट कोणा विद्यार्थ्याला पेलणार नाही आणि पेलायची गरजही नाही. तीन सेकंद पुरतात, पण ते तीन सेकंद खरे हवेत. जागेवर या. कागद ठेवा. दोन्ही पाय खांद्यांइतक्या अंतरावर जमिनीला टेकवा. डावीकडचा एक चेहरा, मधला एक, उजवीकडचा एक असे तिघांना बघा. श्वास आत घ्या आणि तो बाहेर सोडताना पहिलं वाक्य म्हणा. चालत चालत बोलायला सुरुवात केली की पहिलं वाक्य खुर्च्यांच्या आवाजात बुडतं. आणि ते वाक्य “आज मी तुमच्यासमोर या विषयावर प्रेझेंटेशन सादर करणार आहे” हे नसावं. विषय पडद्यावर लिहिलेला आहे, तो सगळ्यांनी वाचलेला आहे.

मधल्या थांब्यांनाही हेच लागू. ‘तर’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’ हे शब्द विचार जुळवताना तोंडून निघतात. ते थांबवायचा एकच उपाय कामाला येतो. वाक्य संपलं की ओठ मिटा. ओठ मिटलेले असले की ‘तर’ बाहेर पडत नाही. फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून हे शब्द मोजा, मग ओठ मिटून पुन्हा दोन मिनिटं.

बियॉन्से, ‘होमकमिंग’

२०१९ चा हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये कोचेला महोत्सवात आठवड्याच्या अंतराने झालेले तिचे दोन कार्यक्रम त्यात एकत्र जोडले आहेत. एकीकडचे पोशाख पिवळे, दुसरीकडचे गुलाबी. गाण्याच्या मध्येच रंग पालटतो, पण हात, पाय, रांगा जिथल्या तिथे. रंग बदलतो त्या जागा एकेक करून थांबवून बघा. तालीम या शब्दाचा अर्थ सांगायला याहून चांगलं साधन आम्हाला माहीत नाही.

चित्रपटात तालमीचा हिशेबही येतो: आधी चार महिने संगीताची, मग चार महिने नृत्याची. हा क्रम महत्त्वाचा आहे. आवाज पक्का झाल्यावरच हालचाल जोडली. विद्यार्थ्याने हाच क्रम छोटा करून घ्यावा. पहिल्या दिवशी नुसतं मोठ्याने बोलणं, स्लाइडशिवाय, बसून. दुसऱ्या दिवशी तेच उभं राहून, स्लाइडसह. तिसऱ्या दिवशी त्याच बुटांत, त्याच खोलीत, क्लिकर हातात घेऊन, एका माणसाला शेवटच्या रांगेत बसवून. मनातल्या मनात वाचणं ही तालीम धरायची नाही. मनात वाचताना श्वास लागत नाही, जीभ अडखळत नाही, म्हणून घड्याळही खोटं बोलतं.

चित्रपट दोन तासांहून मोठा आहे. तालमीची दृश्यं मध्ये मध्ये विखुरलेली असल्याने शोधावी लागतात, ही अडचण आहे.

टेलर स्विफ्टचा ‘एराज टूर’ चित्रपट

शिकणाऱ्यासाठी यातलं थोडंच घेण्यासारखं आहे आणि चित्रपट खूप लांब. पण दोन गोष्टी पक्क्या. एक, अल्बमप्रमाणे पाडलेल्या भागांना स्वतंत्र रंग आणि पोशाख आहेत, त्यामुळे मध्येच बघायला लागलेल्यालाही आपण कुठे आहोत हे कळतं. स्लाइडच्या कडेला प्रत्येक विभागाला एक रंगपट्टी दिली तरी तोच परिणाम साधतो. दुसरी, ठरलेल्या यादीत रोज दोन गाणी बदलायची मोकळीक ठेवलेली असायची. पूर्ण पाठ केलेल्या मजकुरातही एक उदाहरण असं ठेवा की ते समोरच्यांना बघून निवडता येईल.

या दौऱ्याच्या तयारीत ती ट्रेडमिलवर धावत अख्खी यादी मोठ्याने गात असे, जलद गाण्यांना वेगाने आणि संथ गाण्यांना चालत. विद्यार्थ्याने प्रेझेंटेशन जिने चढताना म्हणून बघावं. जे वाक्य एका श्वासात संपत नाही ते लांब आहे. त्याचे दोन करा.

अडेल, दोन वर्षांचे ग्रॅमी

ही दोन छोटी चित्रीकरणं एकापाठोपाठ बघा. २०१६ च्या सोहळ्यात पियानोतला माइक तारांवर पडला आणि भलताच आवाज येऊ लागला. तिने गाणं पूर्ण केलं. २०१७ मध्ये जॉर्ज मायकलला आदरांजली वाहताना सुरुवातीलाच सूर बिघडला, तेव्हा तिने थांबून माफी मागितली आणि पहिल्यापासून गायली.

दोन्ही निर्णयांमागचा फरक विद्यार्थ्याच्या कामाचा आहे. बिघाड यंत्रात असेल, म्हणजे पडदा लुकलुकतोय किंवा स्पीकर खरखरतोय, आणि म्हणणं पोहोचत असेल, तर चालत राहा. मूळ मजकुरातच चूक झाली असेल, आकडा चुकीचा सांगितला किंवा भलत्याच आलेखावर बोलत राहिलात, तर थांबा. एका वाक्यात चूक सांगा, त्या मुद्द्याच्या सुरुवातीला परत जा आणि नीट सांगा. चुकीचा आकडा घेऊन लोक घरी गेले तर बाकीचं सगळं फुकट. माफी मात्र एकदाच.

माइक

सगळ्या चित्रीकरणांत दिसणारी, पण कोणी शिकवत नाही अशी ही बाब. हातातला माइक मधल्या दांड्याला धरलेला असतो, जाळीला नाही. या प्रकारचे बहुतेक माइक समोरचा आवाज घेतात आणि मागचा टाळतात. जाळीच्या मागच्या बाजूच्या फटी मुठीत बंद झाल्या की तो भेद संपतो, स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. काही रॅपर तसाच धरतात, त्यांचं अनुकरण नको.

ओठांपासून दोन-तीन बोटं अंतर ठेवा. माइक सरळ तोंडात न रोखता थोडा तिरका धरा, म्हणजे ‘फ’, ‘भ’, ‘प’ यांच्या हवेचा झोत जाळीवर आदळून धप्प आवाज येत नाही. फार जवळ आणला की आवाज घुमटासारखा जड होतो, फार लांब गेला की शेवटची रांग गळते. गायक वरच्या सुराला माइक लांब नेतात ते बघा. हसताना किंवा आवाज चढवताना तेवढंच करायचं.

विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी गफलत पडद्याकडे बघताना होते. मान वळते, माइक जागीच राहतो आणि वाक्याचा उत्तरार्ध नाहीसा होतो. माइक हनुवटीला शिवलेला आहे असं समजून वळा. कॉलरचा माइक असेल तर हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, आणि साखळी किंवा स्कार्फ त्याला घासत नाही ना ते चालून बघा. चाचणी करताना टकटक किंवा फुंकर नको. आपलं पहिलं वाक्य नेहमीच्या आवाजात म्हणा आणि मागे बसलेल्याला विचारा.

निवड करताना

‘होमकमिंग’ आणि ‘एराज’ हे दोन्ही एकाहून अधिक कार्यक्रमांतून जोडलेले आहेत, त्यामुळे त्यांतल्या सफाईशी स्वतःची तुलना करून खचून जाऊ नका. क्वीन, जॅक्सन आणि अडेल यांचं थेट प्रक्षेपण झालं होतं, जे घडलं तेच दिसतं. आणखी एक मर्यादा सगळ्यांनाच लागू आहे: या कलाकारांच्या श्रोत्यांना गाणी आधीच पाठ असतात. तुमचा विषय समोरच्यांनी पहिल्यांदाच ऐकलेला असतो, म्हणून नवा शब्द आला की त्याचा अर्थ तिथेच सांगावा लागतो. ते काम कुठलीही मैफल शिकवणार नाही.

एकट्याने बोलायचं असेल तर क्वीनपासून सुरुवात करा, गटात असाल तर टॉकिंग हेड्सपासून. आवाज थरथरतो अशी तक्रार असेल तर जॅक्सनचा दीड मिनिट आधी बघा. प्रेझेंटेशनला दोनच दिवस उरले असतील तर नवं काही बघू नका. फोन खिडकीत ठेवून स्वतःचं एक चित्रीकरण करा आणि तेच आवाज बंद करून बघा.